शेफील्डहून ब्लंडेल पार्क : इंग्लंडमधल्या जुन्या फुटबॉल मैदानावर शनिवार कसा घालवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरचे एक निवृत्त दांपत्य जानेवारीत शेफील्डला शिकणाऱ्या मुलीकडे येणार आहे. दोघांनीही आयुष्यभर फुटबॉल पाहिला आहे, पण मोठ्या क्लबांची तिकिटे मिळत नाहीत आणि मिळाली तरी परवडत नाहीत. तेव्हा खालच्या श्रेणीतला एखादा सामना जुन्या धाटणीच्या मैदानावर पाहायचा असेल तर कुठे जावे, कुठे बसावे, काय खावे आणि या वयात तिथे जाणे सुरक्षित आहे का, असे त्यांनी विचारले आहे. मी बऱ्याच वर्षांपासून यॉर्कशरमध्ये राहतो आणि हिवाळ्यातले बहुतेक शनिवार अशाच मैदानांवर काढतो, त्यामुळे उत्तर लांबले तर सांभाळून घ्यावे.

माझे उत्तर ग्रिम्सबी टाउन या क्लबचे ब्लंडेल पार्क हे मैदान, असे आहे. शेफील्डच्या इतक्या जवळ एवढे क्लब असताना समुद्रकाठापर्यंत कशाला जायचे, असे आपल्याला वाटेल. त्याचे कारण असे की या पट्ट्यातली जुनी मैदाने एकामागून एक गेली. स्कन्थॉर्प युनायटेडने १९८८ मध्ये ओल्ड शो ग्राउंड सोडले आणि त्या जागी सुपरमार्केट उभे राहिले. हल सिटीने २००२ मध्ये बूथफेरी पार्क सोडले, डॉनकास्टर रोव्हर्सने २००६ च्या अखेरीस बेल व्ह्यूचा निरोप घेतला, रॉदरहॅम २००८ मध्ये मिलमूरमधून बाहेर पडले आणि चेस्टरफील्डने २०१० मध्ये सॉल्टरगेट सोडले. नवी मैदाने वाईट नाहीत. तिथे खांब आड येत नाहीत, स्वच्छतागृहे चांगली असतात आणि गाडी लावायला जागा मिळते. पण शहराच्या कडेला, मोठ्या रस्त्यालगत उभ्या असलेल्या त्या चौकोनी इमारतींत आत गेल्यावर आपण कोणत्या गावात आहोत हे भिंतीवरचे नाव वाचल्याशिवाय कळत नाही. ब्लंडेल पार्कवर तसे होणे शक्य नाही. क्लब तिथे १८९९ पासून खेळतो आहे, मैदानाच्या एका अंगाला रेल्वेरूळ आणि त्यापलीकडे हंबर नदीची खाडी आहे, आणि उरलेल्या बाजूंना कामगारवस्तीतल्या विटांच्या घरांच्या रांगा अगदी भिंतीला खेटून आहेत.

शेफील्डमध्येच सॅंडीगेट नावाचे मैदान आहे, हे मात्र जाता जाता सांगून ठेवतो. हॅलम हा छोटा क्लब तिथे १८६० पासून खेळतो आणि जगातले सर्वांत जुने फुटबॉल मैदान म्हणून त्याची नोंद आहे. एखाद्या संध्याकाळी मुलीबरोबर फिरत जाऊन ते अवश्य पाहावे. मात्र तिथली गर्दी शेकड्यांत मोजण्याइतकी असते, आणि आपल्याला हवा आहे तो हजारोंचा एका सुरातला आवाज तिथे मिळणार नाही.

ग्रिम्सबीविषयी थोडी माहिती असलेली बरी, कारण स्टँडमध्ये शेजारी बसणारा माणूस आपल्याला हे सगळे माहीत आहे असे धरूनच बोलू लागतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हे जगातल्या सर्वांत मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक होते. पुढे आइसलँडने आपली सागरी हद्द वाढवत नेली, त्यावरून ब्रिटनशी झालेले तंटे १९७६ मध्ये आइसलँडच्या बाजूने मिटले, आणि इथला खोल समुद्रातला मासेमारीचा ताफा काही वर्षांत जवळजवळ संपला. मासे साफ करून गोठवण्याचे कारखाने मात्र टिकले, आणि मैदानावरच्या सर्वांत मोठ्या स्टँडला वेळोवेळी गोठवलेल्या मासळीच्या कंपन्यांची नावे मिळाली, आधी फाइंडस आणि मग यंग्ज. क्लबचे टोपणनाव ‘मरिनर्स’, म्हणजे दर्यावर्दी. गंमत अशी की मैदान ग्रिम्सबीत नसून शेजारच्या क्लीथॉर्प्स गावात आहे, त्यामुळे हा क्लब आपला प्रत्येक सामना परगावीच खेळतो, हा विनोद आपल्याला दिवसभरात एकदा तरी ऐकवला जाईल.

आजच्या श्रेणीवरून या क्लबची पत जोखू नये. १९३० च्या दशकात तो पहिल्या श्रेणीत खेळत होता. २५ मार्च १९३९ रोजी एफए कप या सर्व श्रेणींतल्या क्लबांना खुल्या असलेल्या स्पर्धेतला त्याचा उपांत्य सामना वुल्व्हरहॅम्प्टनशी ओल्ड ट्रॅफर्डवर झाला, आणि त्या दिवशीची ७६,९६२ ही गर्दी त्या मैदानावरचा आजवरचा उच्चांक आहे. मॅंचेस्टर युनायटेडच्या घरचा विक्रम युनायटेडच्या नावावर नाही, ही गोष्ट ग्रिम्सबीची माणसे फार चवीने सांगतात. लिव्हरपूलला मोठे करणारे बिल शॅंक्ली १९५१ ते जानेवारी १९५४ या काळात इथे व्यवस्थापक होते. त्यानंतरचा आलेख बराच खालीवर झाला. २०१० मध्ये क्लब चारही व्यावसायिक श्रेणींतून बाहेर फेकला गेला, २०१६ मध्ये परतला, २०२१ मध्ये पुन्हा गेला आणि २०२२ मध्ये पुन्हा परतला. मार्च २०२३ मध्ये त्याने साउदॅम्प्टनला त्यांच्याच मैदानावर हरवून एफए कपची उपांत्यपूर्व फेरी गाठली, आणि एकाच मोसमात आपल्याहून वरच्या श्रेणीतल्या पाच संघांना बाहेर काढणारा तो या स्पर्धेतला पहिला संघ ठरला. २७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री तर याच ब्लंडेल पार्कवर, लीग कपमध्ये, मॅंचेस्टर युनायटेडशी २–२ अशी बरोबरी झाल्यानंतर पेनल्टींवर १२–११ असा विजय मिळाला. आपल्याकडे युनायटेडचा लाल शर्ट असेल तर तो कोल्हापुरातच ठेवून यावा, हे ओघाने आलेच.

या क्लबांवर लोक इतका जीव का टाकतात, हे इथे नव्याने आलेल्या भारतीयांना समजावताना मला एरवी बरेच बोलावे लागते. आपण कोल्हापूरचे असल्याने काम सोपे आहे. पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब यांच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर जाणारा माणूस जगातला सर्वोत्तम फुटबॉल पाहायला जात नसतो. तो आपल्या पेठेच्या बाजूने उभा राहायला जातो, आणि खेळ खराब झाला तरी पुढच्या वेळी येतोच. ग्रिम्सबीची लोकसंख्या आणि चार श्रेणींत मिळून ९२ क्लबांची ती बढती-घसरणीची शिडी वगळली, तर भावना तीच आहे. फरक एवढाच की इथे घसरण झाली की उत्पन्न, खेळाडू आणि कधीकधी क्लबचे अस्तित्वच पणाला लागते, म्हणून लीग टूमध्ये, म्हणजे चौथ्या श्रेणीत, तळाच्या दोन जागांच्या आसपास असलेल्या संघांचा मार्चमधला सामना प्रीमियर लीगच्या मधल्या फळीतल्या सामन्यापेक्षा कितीतरी जास्त ताणाचा असतो.

दिवस निवडताना शनिवारी दुपारी तीनचाच सामना निवडावा. मंगळवारच्या रात्रीच्या सामन्यांनाही रंग असतो, पण परतीच्या गाडीची चिंता सामना पाहू देत नाही. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉलचे थेट प्रक्षेपण करता येत नाही. लहान क्लबांची गर्दी घटू नये म्हणून १९६० च्या दशकापासून ही बंदी पाळली जाते. त्यामुळे कोल्हापुरात बसून आपण हिवाळ्यातल्या शनिवारी रात्री साडेआठला जो प्रीमियर लीगचा सामना पाहता, तो शेफील्डमधल्या आपल्या मुलीला घरबसल्या पाहता येत नाही, आणि त्या वेळेत लोक खरोखरच आपापल्या गावच्या मैदानावर असतात. मात्र गेल्या काही मोसमांत वाहिनीसाठी काही सामने दुपारी साडेबाराला किंवा दुसऱ्या दिवशी ढकलले जातात. जानेवारीच्या सुरुवातीला एफए कपची तिसरी फेरी असते, त्यात क्लब टिकून असेल तर त्या दिवसाचा लीगचा सामना पुढे जातो. म्हणून वेळापत्रक क्लबच्या संकेतस्थळावर आठवडाभर आधी पुन्हा एकदा तपासावे आणि तोवर परत न होणारे रेल्वे तिकीट काढू नये.

तिकीट क्लबच्या संकेतस्थळावर खाते उघडून घेता येते आणि ते फोनवर येते. प्रौढांचा दर पंचवीस पौंडांच्या आसपास धरावा. बहुतेक क्लबांत ज्येष्ठांना सवलत असते, पण आत जाताना वयाचा पुरावा मागितला जाऊ शकतो, तेव्हा पासपोर्टची प्रत जवळ असू द्यावी. लिंकन सिटी, डॉनकास्टर किंवा स्कन्थॉर्प यांसारख्या शेजाऱ्यांशी सामना असेल तर तिकिटे लवकर संपतात आणि आधी तिकीट घेतल्याची नोंद असलेल्यांनाच प्राधान्य मिळते. पहिल्या भेटीसाठी असा सामना टाळलेलाच बरा. एक चूक मात्र कटाक्षाने टाळावी. ऑज्मंड स्टँड पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी राखलेला असतो आणि तिथले तिकीट पाहुणा क्लब विकतो. दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना वेगवेगळे बसवणे हा इथला पक्का नियम आहे.

आता बसायचे कुठे, हा खरा प्रश्न. यंग्ज नावाने ओळखला जाणारा दुमजली स्टँड १९८२ मध्ये उभा राहिला. त्याच्या वरच्या मजल्यावरून खेळाची मांडणी उत्तम दिसते, आणि समोरच्या बुटक्या छपरावरून खाडीत संथपणे सरकणारी मालवाहू जहाजेही दिसतात. फुटबॉल पाहता पाहता जहाज दिसावे अशी जागा इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये मला दुसरी माहीत नाही. तरीही मी आपल्याला मेन स्टँडचेच तिकीट घ्यायला सांगेन. त्याचा मधला भाग १९०१ चा आहे, आणि इंग्लिश लीगमध्ये आजही वापरात असलेल्या सर्वांत जुन्या स्टँडांत तो गणला जातो. छप्पर खाली उतरलेले, आसने लाकडी आणि अरुंद, गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतील इतके अंतर, आणि नजरेच्या आड येणारे लोखंडी खांब. वर्षानुवर्षे रंगाचे थर चढून ते खांब गुळगुळीत झाले आहेत. चेंडू अशा खांबामागे गेला की अख्खी रांग एकाच वेळी डावीकडे कलते आणि तो बाहेर आला की पुन्हा सरळ होते. कोणी कोणाला सांगत नाही, कोणाला त्यात काही वावगेही वाटत नाही. दहा मिनिटांत आपणही कलू लागाल. जहाजांचा मोह आवरत नसेल तर सामन्यानंतर समुद्रकाठी हवी तितकी पाहता येतील.

गोलमागे असलेला पोंटून स्टँड १९६१ चा. मासळी उतरवण्याच्या गोदीतल्या धक्क्यावरून त्याला ते नाव पडले. सर्वांत मोठा आवाज तिथूनच उठतो. नियमाने तिथेही आसने आहेत, पण मागच्या रांगांतले लोक बहुतेक वेळ उभेच असतात, त्यामुळे ज्येष्ठांनी तिथे बसण्यापेक्षा बाजूने तो पाहावा आणि ऐकावा हे सोयीचे. मुलीला आणि तिच्या मित्रमैत्रिणींना तिथे जायचे असेल तर जरूर जाऊ द्यावे.

उभ्याने सामना पाहायच्या जुन्या पायऱ्या कुठे गेल्या, असे आपण विचारले आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्याच हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत ९७ जणांचा बळी गेला. त्यानंतरच्या टेलर अहवालामुळे वरच्या दोन श्रेणींत सर्वांना बसायला आसन देणे सक्तीचे झाले. खालच्या दोन श्रेणींत पायऱ्यांना आजही परवानगी आहे, पण ग्रिम्सबी १९९० च्या दशकात दुसऱ्या श्रेणीत होता, त्यामुळे इथे आसने बसली ती कायमचीच. खऱ्या पायऱ्या एक्झिटरच्या सेंट जेम्स पार्कवर किंवा केंब्रिज युनायटेडच्या ॲबी स्टेडियमवर पाहता येतात, पण शेफील्डहून दोन्ही लांब आहेत. लाकडी स्टँड दुर्मिळ होण्यामागेही असेच एक कारण आहे. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डमध्ये लाकडी स्टँडखाली वर्षानुवर्षे साठलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि ५६ माणसे गेली. त्यांतले दोघे लिंकन सिटीचे पाठीराखे होते, म्हणजे इथल्याच शेजारचे. तेव्हापासून अशा प्रत्येक स्टँडची नियमित तपासणी होते आणि प्रमाणपत्राशिवाय तो उघडता येत नाही. मेन स्टँडमध्ये कर्मचारी सिगारेटबाबत किंवा वाट अडवून उभे राहण्याबाबत कडक बोलले तर त्यामागे हा इतिहास आहे.

शेफील्डहून क्लीथॉर्प्सला थेट गाड्या आहेत. डॉनकास्टर, स्कन्थॉर्पमार्गे पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. ‘ग्रिम्सबी टाउन’ हे स्थानक आले की नवखे लोक हमखास उतरतात, तसे करू नये. गाडीतच बसून राहावे. त्यापुढे डाव्या हाताला गोदीचा उंच विटांचा मनोरा दिसतो. १८५२ मध्ये बांधलेला हा मनोरा ३०९ फूट उंच आहे, आणि गोदीचे दरवाजे पाण्याच्या दाबावर उघडण्यासाठी तो उभारला होता. त्यानंतर थोड्याच वेळात उजव्या खिडकीतून मैदानाची मागची बाजू दिसते. मैदानाला सर्वांत जवळचे न्यू क्ली हे थांबण्याची विनंती केल्यावरच गाडी थांबते असे चिमुकले स्थानक आहे आणि तिथे फार थोड्या गाड्या थांबतात, म्हणून त्याच्या नादी न लागता शेवटच्या स्थानकापर्यंत, क्लीथॉर्प्सपर्यंत जावे. ते थेट समुद्रकाठीच आहे. तिथून मैदानापर्यंत संथ पावलांनी अर्धा तास लागतो.

सकाळी अकरा-साडेअकरापर्यंत पोहोचावे असा माझा आग्रह आहे. १८७३ मध्ये उघडलेला धक्का आणि काठावरचा लांब रस्ता जानेवारीत ओस असतो, ओहोटीला खाडीचे पाणी इतके दूर जाते की समुद्र गेला कुठे असे वाटावे, आणि ग्रीनिचची शून्य रेखावृत्ताची रेषा गावातूनच जाते, तिची खूणही काठाने चालत गेल्यास सापडते. पण लवकर यायचे मुख्य कारण जेवण हे आहे. इथे फिश अँड चिप्स खायचे ते हॅडक माशाचे. देशात इतरत्र कॉड खातात, ग्रिम्सबीची माणसे ते मनावर घेतात.

खाण्याच्या बाबतीत एक गोष्ट नीट वाचावी, कारण ती कोणी आपणहून सांगत नाही. इंग्लंडच्या या भागात मासे आणि बटाटे अनेक दुकानांत गोमांसाच्या चरबीत तळले जातात. चव त्यामुळेच येते असे स्थानिक लोक अभिमानाने सांगतात, आणि नुसते चिप्स घेणाऱ्या शाकाहारी माणसालाही ती चरबी लागतेच. ज्यांना चालत नाही त्यांनी ‘वनस्पती तेलात तळता का’ असे स्पष्ट विचारावे. हा प्रश्न त्यांना नवा नसतो आणि उत्तर खरे मिळते. मैदानावर मिळणारे बोव्ह्रिल हे गरम पेयही गोमांसाच्या अर्काचेच असते. थंडीत शेजारी प्रेमाने कप पुढे करेल तेव्हा हे माहीत असावे. पाय म्हणून जो सारण भरलेला भाजका पदार्थ विकतात त्यात बहुधा गोमांस किंवा कोंबडी असते, पण चीज-कांद्याचा प्रकार बहुतेक ठिकाणी असतो. तो मध्यंतराच्या आधीच संपतो, तेव्हा आत शिरल्या शिरल्या घ्यावा. आपला शनिवारचा उपवास असेल तर चहावर भागवावे लागेल किंवा सोबत काही आणावे लागेल. लहान डबा सहसा अडवत नाहीत. मोठ्या पिशव्या, काचेच्या बाटल्या आणि लांब भिंगाचे कॅमेरे मात्र अडवतात. पैसे कार्डानेच घेतले जातील असे समजून चालावे.

फाटके सामन्याच्या तास-दीड तास आधी उघडतात. फिरत्या लोखंडी दारातून एकेक माणूस आत जातो. ती वाट फारच अरुंद असते, जाड कोट घातलेल्या माणसाला तिरके व्हावे लागते. एकदा आत गेल्यावर मध्यंतरात बाहेर जाऊन परत येता येत नाही. आतल्या मार्गिकेत बिअर मिळते, पण १९८५ च्या कायद्यानुसार मैदान दिसेल अशा जागी मद्य पिण्यास मनाई आहे, म्हणून ग्लास घेऊन आसनापाशी जाऊ नये. सामन्याची पुस्तिका विकत मिळत असेल तर घ्यावी. २०१८ पासून ती छापणे क्लबांवर बंधनकारक राहिलेले नाही आणि कित्येकांनी ती बंद केली किंवा फोनवर नेली आहे, पण पाहुण्या संघाचा इतिहास आणि जुन्या सामन्यांची छायाचित्रे इतक्या आटोपशीरपणे दुसरीकडे मिळत नाहीत.

कपड्यांच्या बाबतीत माझे ऐकावे. खाडीवरून येणारा वारा थेट मैदानात घुसतो, आणि कोल्हापूरच्या थंडीच्या अनुभवावर त्याचा अंदाज येत नाही. अंगात गरम बनियन, त्यावर दोन थर आणि वारा अडवणारा कोट, कानटोपी, हातमोजे हवेतच. पण सर्वांत आधी गारठतात ते पाय, कारण दोन तास थंड जमिनीवर टेकलेले असतात. लोकरीचे दोन मोजे मावतील असे बूट घालावेत. छत्री आणू नये, मागच्या रांगेला ती आड येते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर क्लबच्या दुकानातून आधी घेतला तर ऊबही मिळते आणि आपण कोणाच्या बाजूचे हा प्रश्नही सुटतो.

दूरचित्रवाणीवरच्या खेळाची सवय असलेल्याला पहिली पंधरा मिनिटे इथला खेळ गोंधळाचा वाटतो. चेंडू बराच वेळ हवेत असतो, पहिल्या हेडरनंतर खाली पडणाऱ्या चेंडूसाठी मधल्या फळीत झटापट चालते, आणि कॉर्नर व लांब थ्रो यांना गोलच्या संधीइतके महत्त्व असते. अशा वेळी चेंडूच्या मागे नजर न फिरवता एखादा मध्यरक्षक निवडून त्यालाच पाहत राहावे. जवळ बसल्यामुळे एरवी न ऐकू येणाऱ्या गोष्टी ऐकू येतात : गोलरक्षकाचे सततचे ओरडणे, दोन खेळाडू एकमेकांवर आदळल्यावर येणारा आवाज, बदली खेळाडूवर प्रशिक्षकाने काढलेला राग. वारा कोणत्या गोलकडे वाहतो आहे ते छपरावरच्या झेंड्यावरून पाहून ठेवावे. त्यावरून दुसऱ्या अर्ध्यात कोणाला फायदा आहे ते कळते, आणि आजूबाजूचे सगळे लोक तो हिशेब आधीच करून बसलेले असतात. चारच्या सुमारास अंधार पडतो. दिव्यांच्या उजेडात हिरवळ एकदम गडद दिसू लागते आणि आवाजही वाढतो. लहान मुलांच्या मांडीवर हवा भरलेला प्लास्टिकचा मासा दिसला तर नवल करू नये. १९८९ मध्ये विंबल्डनविरुद्धच्या कप सामन्याला हजारो पाठीराखे असे मासे घेऊन गेले होते, त्या माशाला ‘हॅरी हॅडक’ म्हणतात आणि मोठ्या सामन्यांना तो आजही बाहेर निघतो. जिंकत असलात तरच गाता, असा टोमणा इथे पाहुण्या संघाचे पाठीराखे यजमानांना मारतात. त्यावर आम्ही मासे धरतानाच गातो, असे ग्रिम्सबीचे जुने उत्तर आहे.

सुरक्षिततेविषयी. १९७० आणि ८० च्या दशकांतली दंगेखोरी वाचून आपल्या मनात धास्ती असेल तर ती सोडून द्यावी. कुटुंबे, एकटे आलेले म्हातारे, नातवंडांना घेऊन आलेल्या आजी यांचेच प्रमाण मेन स्टँडमध्ये जास्त असते. शिव्या मात्र भरपूर ऐकू येतील, मुख्यतः पंचांना, आणि त्या सगळ्या वयांच्या तोंडून येतील. आपल्या रंगाची माणसे तिथे फार थोडी दिसतील हेही आधीच सांगतो. माझ्या अनुभवात लोकांना वैरापेक्षा कुतूहलच अधिक असते, आणि इतक्या लांबून आमचा संघ पाहायला आलात याचे त्यांना खरोखर अप्रूप वाटते. तरीही कोणी वंशावरून काही बोललेच तर सोसून घेऊ नये. वांशिक घोषणा देणे १९९१ च्या फुटबॉल गुन्हे कायद्याखाली गुन्हा आहे, आणि पिवळ्या जाकिटातल्या कर्मचाऱ्याला आसनक्रमांक सांगितला की दखल घेतली जाते. याच कायद्याने मैदानात उतरणेही गुन्हा ठरते, तेव्हा शेवटच्या मिनिटाच्या गोलनंतर तरुण मुले कठडा ओलांडताना दिसली तरी मुलीला आवरावे. गोल पाहुण्यांनी केला तर टाळी वाजवू नये. चांगला खेळ म्हणून दाद देण्याची आपली सवय यजमानांच्या स्टँडमध्ये गैरसमजाला कारण होते.

सामना पाचच्या आसपास संपतो. लगेच उठण्याची घाई करू नये. मेन स्टँडमधले जिने अरुंद आहेत, दहा मिनिटांत गर्दी ओसरते, आणि तेवढ्यात लोक फोनवर इतर निकाल पाहून गुणतक्त्यातली आपली जागा मोठ्याने सांगत असतात, तेही ऐकण्यासारखे असते. परतीची गाडी क्लीथॉर्प्सहूनच धरावी. तिथे ती रिकामी उभी असते आणि जागा मिळते, ग्रिम्सबी टाउनला मात्र पाहुणे पाठीराखे एकदम चढतात. त्या दिवशी रुळांची कामे नाहीत ना, हे आदल्या रात्री तपासावे. शनिवार-रविवारी या मार्गावर गाड्यांऐवजी बस सोडण्याचे प्रकार होतात.

जानेवारीचा आणखी एक धोका असा की रात्री कडक दहिवर पडून मैदान गोठले तर पंच सकाळी मैदान तपासून सामना पुढे ढकलू शकतात. म्हणून त्या दिवशी सकाळी शेफील्ड सोडण्याआधी क्लबची घोषणा पाहावी. सामना पुढे गेला तर तेच तिकीट नव्या तारखेला चालते किंवा पैसे परत मिळतात, पण नवी तारीख बहुधा मंगळवारची रात्र असते आणि तोवर आपण परत निघालेले असाल. अशा वेळी बार्न्सलीचा संघ त्याच दुपारी घरी खेळतो आहे का ते पाहावे. त्यांचे ओकवेल हे मैदानही जुने आहे, शेफील्डहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत गाठता येते, आणि त्यांच्या सामन्यांना सहसा बऱ्याच जागा शिल्लक असतात, त्यामुळे सकाळी अकराला ठरवूनही तीनचा सामना पाहता येतो.